दोन सारखे दिसणारे ५५ इंची टीव्ही, किमतीत बारा हजारांचा फरक: कोणता घ्यायचा?

शोरूमच्या भिंतीवर एकाच कंपनीचे तीन ५५ इंची टीव्ही ओळीने लावलेले असतात. तिन्हींवर तोच मोर, तोच धबधबा आणि खाली '४के एचडीआर स्मार्ट टीव्ही' अशी तीच पट्टी. किमती मात्र, समजा, ४५ हजार, ५७ हजार आणि ७८ हजार. फरक काय म्हणून विचारलं की उत्तर येतं, "सर, ह्याची पिक्चर क्वालिटी वरची आहे." वरची म्हणजे काय, हे त्या मुलालाही धड सांगता येत नाही, त्याला तेवढंच शिकवून उभं केलेलं असतं.

पहिल्यांदाच मोठा टीव्ही घेणाऱ्याने या तिघांतून एक कसा निवडायचा, ते क्रमाने लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो: तिघांतला मधला बहुतेक वेळा घेऊ नये. का, ते चौथ्या पायरीत येईल.

पायरी १: आधी टेप काढा

टीव्हीचे इंच तिरके मोजतात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. भिंतीवर जागा लागते ती रुंदीला. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६९ उंच असतो. ६५ इंची १४४ बाय ८१, तर ७५ इंची १६६ बाय ९३. जुनी वर्तमानपत्रं जोडून एवढा चौकोन भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. घरातल्यांची मतं न विचारता कळतात.

मग सोफ्यावर नेहमीसारखं टेकून बसा आणि डोळ्यांपासून भिंतीपर्यंतचं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. ५५ इंचासाठी साडेपाच ते साडेसात फूट आणि ६५ इंचासाठी साडेसहा ते पावणेनऊ फूट अंतर सोयीचं पडतं. पुण्या-मुंबईकडच्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये सोफ्याची जागा वजा जाता सात-आठ फूट उरतात, म्हणजे दोन्ही आकार चालू शकतात. तिथे आकारापेक्षा पुढच्या पायऱ्या जास्त महत्त्वाच्या.

टीव्ही युनिटवर ठेवायचा असेल तर पायांमधलं अंतर विचारा. बऱ्याच मॉडेलचे पाय अगदी दोन टोकांना असतात. चार फुटांचं युनिट असेल तर एक पाय हवेत राहतो. भिंतीवर लावायचा असेल तर भिंत कशाची आहे ते पाहा. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग धरत नाही, त्यासाठी वेगळे अँकर लागतात. जिप्समच्या पार्टिशनवर तर मागे आधार दिल्याशिवाय टांगूच नये. आणि ७५ इंचाच्या मागे असाल तर आपल्या लिफ्टची आतली मापं घेऊन जा. खोका साडेपाच फुटांपेक्षा लांब असतो आणि तो आडवा टाकून नेणं धोक्याचं. पडद्यावर ताण येऊन काच तडकते.

पायरी २: घरात नेमकं काय बघितलं जातं?

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. 'आम्ही ओटीटीच बघतो' म्हणणाऱ्या घरात संध्याकाळी सात ते दहा मालिकाच चालू असतात.

साध्या म्हणजे एसडी चॅनलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके. ४के पडद्यावर ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. बरोबर वीसपट. घरी एसडी पॅक असेल तर पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांमागे एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरलेले असतात. याला अपस्केलिंग म्हणतात आणि ते टीव्हीतल्या प्रोसेसरचं काम. स्वस्त सेटमध्ये चेहरे मेणाचे दिसतात आणि अक्षरांच्या कडा थरथरतात, त्याचं कारण बहुधा हेच.

पण प्रोसेसरसाठी दहा हजार जास्त मोजण्याआधी केबलवाल्याला किंवा डीटीएचला एचडी पॅकचे दर विचारा. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या सगळ्यांच्या एचडी वाहिन्या आहेत. सेट-टॉप बॉक्सही एचडी हवा आणि तो एचडीएमआय केबलने जोडलेला हवा. कित्येक घरांत नवा ४के टीव्ही जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींवर चालू असतो.

बाकीचं थोडक्यात. रात्री दिवे घालवून सिनेमे बघणाऱ्यांना काळा रंग खरोखर काळा दिसणारा टीव्ही हवा. दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून क्रिकेट बघणाऱ्यांना उजेडात टिकणारा आणि चेंडूमागे शेपूट न ओढणारा. प्लेस्टेशन ५ असेल तर १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं पॅनेल (पडदा) आणि त्याला साजेसं एचडीएमआय पोर्ट. आणि नेटफ्लिक्सवर ४के हवं असेल तर त्यांचा सगळ्यांत वरचा प्लॅन घ्यावा लागतो, नेटही निदान १५ एमबीपीएसचं लागतं. तो प्लॅन घेणार नसाल तर ४केच्या गप्पा तेवढ्यापुरत्या बाजूला ठेवा.

पायरी ३: मॉडेल नंबर वाचायला शिका

सारख्या दिसणाऱ्या टीव्हींचा अर्धा गुंता इथे सुटतो. नंबर मागच्या स्टिकरवर आणि खोक्यावर असतो, बिलावरही पूर्ण यायला हवा.

सॅमसंगचा क्यूए५५क्यू६०डी घ्या. पहिला क्यू म्हणजे क्यूएलईडी (हे आणि ओलेड काय ते पुढच्या पायरीत), ए म्हणजे आशियासाठीचा सेट, ५५ इंच, क्यू६० ही मॉडेलची मालिका आणि शेवटचा डी म्हणजे २०२४ सालचा. सी असता तर २०२३ चा, बी असता तर २०२२ चा. २०२५ साठी त्यांनी ई गाळून थेट एफ घेतला, तेव्हा मधलं एक वर्ष आपलं हुकलं असं समजू नका. एलजीच्या ओलेडमध्ये सी३ हा २०२३ चा, सी४ २०२४ चा, सी५ २०२५ चा. त्यांच्या साध्या एलईडीत यूआर २०२३ चा आणि यूटी २०२४ चा. सोनीत शेवटचं अक्षर के असेल तर २०२२, एल असेल तर २०२३. त्यानंतर त्यांनी ब्राव्हिया ३, ब्राव्हिया ७ अशी सुटसुटीत नावं आणली, एक बरं झालं.

नंबर कळला की दोन गोष्टी लक्षात येतात. एक, 'नवा' म्हणून दाखवलेला टीव्ही कधीकधी दोन वर्षांपूर्वीचा असतो. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं कायद्याने बंधनकारक आहे, ते स्वतः वाचा. जुना असणं वाईट असतंच असं नाही. मागच्या वर्षीची वरची मालिका या वर्षीच्या खालच्या मालिकेच्या भावात मिळत असेल तर बेधडक जुनी घ्या. वर्षभरात पडद्यात फारसं काही बदलत नाही. बदलतं ते बहुतेक रिमोट आणि होम स्क्रीनचं रूप.

दोन, एकाच वर्षी जवळजवळ सारखे नंबर निघतात. २०२३ मध्ये सोनीच्या भारतातल्या यादीत एक्स७०एल, एक्स७४एल आणि एक्स७५एल अशी तीन भावंडं होती. ऑनलाइनसाठी एक नंबर आणि दुकानांसाठी दुसरा, ही पद्धत बऱ्याच कंपन्यांत आहे. त्यामुळे तुम्ही मोबाइलवरचा भाव दाखवलात की दुकानदार म्हणतो, "ते मॉडेल वेगळं आहे." त्याचं म्हणणं खोटं नसतं, पण फरक रिमोटचा किंवा स्टँडचाही असू शकतो. म्हणून नंबरांची तुलना इथेच थांबवायची आणि स्पेसिफिकेशनकडे वळायचं.

आणखी एक. यूट्यूबवर पाहिलेला रिव्ह्यू ६५ इंचाचा असेल आणि तुम्ही ४३ किंवा ५० घेणार असाल, तर तो तुमच्या टीव्हीला लागू होईलच असं धरून चालू नका. एकाच मालिकेत आकार बदलला की पॅनेल बदलतं, कधी हर्ट्झही कमी होतात.

पायरी ४: दोन याद्या शेजारी ठेवा आणि सारखं ते खोडा

कंपनीच्या वेबसाइटवरून दोन्ही मॉडेलची पूर्ण यादी काढा. दुकानाच्या कार्डावरची नको, ती जाहिरात असते. कागदावर दोन रकाने करून जे जे दोन्हींत सारखं आहे ते खोडत जा. चाळीस ओळींतल्या चार-पाच उरतात. त्या उरलेल्या ओळींचे बारा हजार तुम्ही देणार आहात.

त्यातली सगळ्यांत वजनदार ओळ बॅकलाइटची. एलईडी आणि क्यूएलईडी दोन्ही मुळात एलसीडीच: मागे दिवे, पुढे त्यांचा उजेड अडवणारा पडदा. क्यूएलईडीत निळ्या दिव्यांसमोर क्वांटम डॉटचा एक थर जास्त असतो. त्याने लाल आणि हिरवा रंग चोख होतो. पण काळा? पडदा उजेड जितका अडवेल तितकाच काळा, म्हणजे दोन्हींत तोच राखाडीकडे झुकणारा. काळा सुधारायचा असेल तर मागचे दिवे तुकड्यातुकड्याने मंद व्हायला हवेत. त्याचं नाव 'फुल अॅरे लोकल डिमिंग'. दिवे अगदी बारीक आणि पुष्कळ असले तर मिनी एलईडी. नुसतं 'मायक्रो डिमिंग' किंवा 'यूएचडी डिमिंग' लिहिलं असेल तर ती बहुतेक सॉफ्टवेअरची हातचलाखी, दिवे जिथल्या तिथे जळतच असतात.

आता भिंतीवरच्या तिघांकडे परत बघा. ४५ हजारांचा साधा एलईडी, ५७ हजारांचा क्यूएलईडी, ७८ हजारांचा लोकल डिमिंग आणि १२० हर्ट्झवाला. मधल्यात बारा हजार मोजून रंगाचा एक थर, थोडी बारीक कड आणि स्पीकरचे काही वॅट मिळतात. दिवे तेच, ६० हर्ट्झ तेच. खालच्याशेजारी लावला नाही तर महिन्याभरात फरक विसरायला होतो. वरच्यातला फरक मात्र पहिल्याच रात्री, अंधारातल्या प्रसंगात दिसतो. म्हणून एक तर ४५ चा घ्या आणि उरलेल्या पैशांत साउंडबार आणा, नाहीतर थोडं थांबून वरचा घ्या. मधल्या मॉडेलच्या यादीत लोकल डिमिंग किंवा खरे १२० हर्ट्झ सापडले तर माझं हे मत बाजूला ठेवा. तसं क्वचित सापडतं.

हर्ट्झची ओळ फसवी असते. 'मोशन रेट २४०', 'एमईएमसी १२०' हे आकडे पॅनेलचे नसतात. यादीत 'रिफ्रेश रेट' किंवा 'नेटिव्ह रिफ्रेश रेट' शोधा. तिथे बहुधा ५०, ६०, १००, १२० किंवा १४४ यांपैकी काहीतरी असतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही, म्हणून ६० हर्ट्झवर कॅमेरा हळू सरकताना चित्र अडखळतं. आपल्याकडचं क्रिकेट ५० हर्ट्झवर प्रसारित होतं. सेट-टॉप बॉक्समधून बघताना साधा टीव्हीही ते नीट दाखवतो, अॅपवरून बघताना काहींची गफलत होते. गूगल टीव्हीवर 'मॅच कंटेंट फ्रेम रेट' ही सेटिंग असेल तर चालू करा, फुकटात काम होतं.

एचडीआरची नावं पुष्कळ: एचडीआर१०, एचडीआर१०+, डॉल्बी व्हिजन, एचएलजी. सॅमसंगच्या टीव्हींत डॉल्बी व्हिजन नसतं, ते एचडीआर१०+ वापरतात. यावरून लोक तासन्तास वाद घालतात. पण पडदा ३०० निट्सचा (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) असेल तर यातलं काहीही असलं तरी विशेष फरक पडत नाही. एचडीआर म्हणजे सूर्य, दिवे, ज्वाळा झळाळून दिसणं आणि त्याला ताकद लागते. सहाशे-सातशे निट्सच्या पुढे ते जाणवू लागतं. बऱ्याच कंपन्या निट्स छापतच नाहीत, आणि ज्या मॉडेलचा आकडा छापलेला नाही तो अभिमानाने सांगण्याजोगा नाही असं खुशाल समजावं.

एचडीएमआय २.१ एवढंच लिहून भागत नाही, त्या नावाखाली कमी क्षमतेची पोर्टही खपतात. '४के १२० हर्ट्झ' आणि टीव्हीचा आवाज साउंडबारला पोचवणारं 'ईआर्क' असं स्पष्ट लिहिलेलं असावं. किती पोर्ट तेही मोजा: सेट-टॉप बॉक्स, साउंडबार आणि गेमचा कन्सोल मिळून तीन झालीच. जुना होम थिएटर किंवा डीव्हीडी प्लेअर सोडवत नसेल तर एव्ही सॉकेट आणि हेडफोनचं भोक आहे का ते बघा. नव्या मॉडेलांतून ही दोन्ही गुपचूप गायब होतात. रॅम २ जीबीपेक्षा कमी नको. आणि एआय, अल्ट्रा, क्रिस्टल, सिनेमॅटिक हे शब्द सरळ खोडायचे. २० वॅटच्या स्पीकरपुढे लिहिलेलं 'डॉल्बी अॅटमॉस'सुद्धा.

ओलेड वेगळ्या जातीचा. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा म्हणजे पूर्ण काळा. अंधाऱ्या खोलीत त्याला तोड नाही. पण ज्या घरात बातम्यांची वाहिनी सकाळपासून चालू असते, खाली पळणारी पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो तासन्तास हलत नाही, तिथे काही वर्षांनी त्याचा ठसा पडद्यावर कायमचा राहू शकतो. अशा घराला मी ओलेड सुचवत नाही, बजेट कितीही असो.

पायरी ५: शोरूममध्ये पेनड्राइव्ह घेऊन जा

मोर आणि धबधबा कंपनीने टीव्ही खपावा म्हणूनच चित्रित केलेले असतात. पेनड्राइव्हवर स्वतःच्या तीन क्लिप न्या: फोनवर घरात काढलेला माणसांचा व्हिडिओ, कुठल्यातरी मैदानी खेळाचा तुकडा आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकतात असा काहीतरी. विक्रेत्याला पिक्चर मोड 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक'वरून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'वर आणायला सांगा, शेजारच्या टीव्हीचाही तसाच. तो जरा कुरकुर करेल. करू द्या.

माणसांच्या चेहऱ्याचा रंग ओळखीचा वाटतो का, ते आधी. मग काळ्यावरची पांढरी अक्षरं: अक्षरांभोवती धुरकट वलय दिसतं का, कोपऱ्यांत उजेड झिरपतो का. मग दोन पावलं बाजूला सरका, घरातल्या खुर्चीच्या कोनात. रंग फिके पडले तर पॅनेल व्हीए जातीचं. समोरून त्याचा काळा चांगला, बाजूने ते फिकं. आयपीएस जातीचं बाजूनेही टिकतं, पण अंधारात राखाडी दिसतं. घरात लोक एका सोफ्यावर समोर बसत असतील तर व्हीए. कुणी जेवणाच्या टेबलावरून, कुणी स्वयंपाकघराच्या दारातून बघणार असेल तर आयपीएस. कंपनी हे कागदावर सहसा लिहीत नाही, बघूनच ठरवावं लागतं.

शेवटी टीव्ही बंद करायला सांगा. काळ्या काचेत शोरूमच्या ट्यूबलाइट किती स्पष्ट दिसतात, यावरून तुमच्या खिडकीचं दुपारी काय होणार ते कळतं. खिडकी टीव्हीच्या अगदी समोर असेल तर मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या पडद्याला झुकतं माप द्या.

पायरी ६: पैशाचं बोलताना

३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. एमआरपी त्याआधीची छापलेली असेल तर 'डिस्काउंट' एमआरपीवरून मोजू नका. त्याच मॉडेलचा दोन-तीन दुकानांतला हातात पडणारा भाव विचारा. दसरा-दिवाळी आणि गुढीपाडव्याला ऑफर असतातच. उन्हाळ्यात नवी मॉडेलं येऊ लागतात तेव्हा जुन्यांचे भावही उतरतात, आणि तेव्हा गर्दी नसल्याने बोलायलाही वेळ मिळतो.

'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याजाएवढी सूट देऊन तेच व्याज बँक लावते आणि त्या व्याजावर जीएसटी घेते, शिवाय प्रोसेसिंग फी. रोख दिल्यास किती कमी कराल, हा प्रश्न आधी विचारायचा, ईएमआयचं बोलणं नंतर.

वॉरंटीत पॅनेलची मुदत वेगळी विचारा. बिघडलं तर खर्च तिथेच. पडदा बदलणं कित्येकदा नव्या टीव्हीच्या किमतीच्या आसपास जातं. आपल्या तालुक्याला कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, की माणूस जिल्ह्याहून येणार, हेही तिथेच विचारून घ्या. वॉलमाउंट खोक्यात येतं की लावणारा वेगळे पैसे घेणार, तेसुद्धा.

पायरी ७: टीव्ही घरी आल्यावर

इन्स्टॉलेशनवाला येईपर्यंत खोका फोडू नका. तो आल्यावर खोका फोडण्यापासून टीव्ही लागेपर्यंतचा व्हिडिओ काढा, स्टिकरवरचा नंबर बिलाशी ताडून पाहा. पहिल्यांदा चालू करताना टीव्ही 'होम' की 'स्टोअर' विचारतो. घाईत चुकीचा पर्याय दाबला गेला तर घरातही शोरूमसारखा भगभगीत राहतो.

माणूस तिथे असतानाच यूट्यूबवरून पूर्ण लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा पडदा लावून बघा. मेलेले ठिपके, डाग, एका बाजूची सावली लगेच दिसते. बदलून मिळण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून पहिल्या आठवड्यात टीव्ही भरपूर वापरा आणि खोका-थर्माकोल माळ्यावर ठेवा. दुकान किंवा कंपनी टाळाटाळ करू लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

सेटिंगमध्ये मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात. शार्पनेस खाली आणा. सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीमध्ये 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो' कमी किंवा बंद करा. दिवसा चित्र अंधारं वाटत असेल तर आधी 'एनर्जी सेव्हिंग' बघा, दोष बहुधा तिथे सापडतो.

चांगला स्पाइक गार्ड लावून घ्या. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की टीव्हीची पिन काढाच, पण छत्रीकडून येणारी डीटीएचची वायरही सेट-टॉप बॉक्समधून सोडवा. विजेचा झटका पुष्कळदा त्या वायरीने येतो आणि एचडीएमआयमधून टीव्हीचा बोर्ड जाळतो.